एका शिडाच्या होडीसाठी रस्ता का थांबतो : उघडणाऱ्या पुलांचे नियम

आपला प्रश्न असा आहे : न्यू जर्सीत नोकरीवर जाताना वाटेतला खाडीवरचा पूल उघडला, दोन्ही बाजूंना वाहनांच्या लांबच लांब रांगा लागल्या आणि एवढा खोळंबा होऊन पुलाखालून गेली ती एक शिडाची होडी. शेकडो माणसांचा वेळ एका हौशी माणसासाठी खर्ची घालण्याचा अधिकार पूलचालकाला कोणी दिला, त्याला होडीला थांबवता येत नाही का, आणि भारतात रामेश्वरजवळच्या पांबन पुलावरही असेच चालते का, असे आपण विचारले आहे. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील उघडणाऱ्या पुलांच्या यंत्रणेची देखभाल आणि पूलचालकांचे प्रशिक्षण या कामांत माझ्या नोकरीची बहुतेक वर्षे गेली, त्यामुळे थोडे सविस्तर उत्तर देतो.

या नियमांचा पाया असा की जलमार्ग हा आधीपासून सर्वांचा रस्ता आहे आणि त्यावर नंतर आलेला पूल हा सशर्त परवानगीने उभा असलेला अडथळा आहे. अमेरिकेत नौकानयनास योग्य पाण्यावर पूल बांधायचा तर संघीय सरकारचा परवाना लागतो, मग तो पूल राज्याचा असो, महापालिकेचा असो की रेल्वे कंपनीचा. पुरेशी उंची देणे शक्य नसते म्हणून जिथे उघडणारा पूल बांधला जातो, तिथे तो उघडून देणे ही पूलमालकाची मेहेरबानी नसते; त्याच अटीवर त्याला पाण्यात खांब उभारू दिलेले असतात. म्हणून संघीय नियमसंहितेच्या ३३व्या खंडातील ११७व्या भागाचे मूळ कलम अगदी सरळ आहे. वेगळी सूट दिलेली नसेल, तर जहाजाने इशारा दिल्यावर पूल तत्परतेने आणि पूर्णपणे उघडला पाहिजे. होडी लहान की मोठी, मालवाहू की हौशी, असा भेद या कलमात नाही. आपण पाहिलेल्या होडीला तिचा हक्क इथून मिळाला.

तत्परतेने म्हणजे किती मिनिटांत, हे मूळ कलमात सांगितलेले नाही आणि माझ्या मते ते योग्यच आहे. दोन पाती, म्हणजे मध्ये जुळणारे पुलाचे दोन भाग, वर उचलणारा पूल, मधल्या खांबाभोवती आडवा फिरणारा पूल आणि दोन मनोऱ्यांमधून अख्खा गाळा, म्हणजे खांबांमधला पुलाचा भाग, उभा वर जाणारा पूल, या तिन्हींची यंत्रे वेगळी, त्यांना लागणारा वेळही वेगळा. शिवाय रेल्वे पुलावर रूळ आणि सिग्नल सोडवण्याचे काम आणखी असते. पूर्ण उघडण्याची अट मात्र काटेकोर आहे आणि तिच्यामागे कारण आहे. वर उचलले जाणारे पाते अर्ध्यावर थांबले तर त्याचे टोक जलमार्गाच्या वर तिरके झुकलेले राहते. होडी मध्यावरून गेली तर डोलकाठी वाचते, पण वाऱ्याने किंवा प्रवाहाने ती जरा कडेला सरकली की वरचे पोलाद डोलकाठीला लागते. खाली उभ्या असलेल्या नाखव्याला हे अंतर डोळ्यांनी नीट जोखता येत नाही. वाहनांची रांग पाहून 'या होडीला एवढी उंची पुरेल' असा हिशेब करण्याचा मोह नव्या पूलचालकाला हमखास होतो, आणि प्रशिक्षणात सर्वांत आधी तोच मोडून काढावा लागतो.

मोटारी नव्हत्या त्या काळातले हे नियम आजवर कसेबसे टिकले आहेत, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात रस्ता आणि पाणी यांचे भांडण मोटारींपेक्षा जुने आहे. एकोणिसाव्या शतकातल्या शिकागोत नदीच्या दोन्ही काठांवर शहर वाढले, कारखान्यांकडे पायी जाणाऱ्या कामगारांचे लोंढे पुलांवर अडकू लागले आणि शहराने वटहुकूम काढला की रविवार सोडून रोज सकाळी सहा ते सात आणि संध्याकाळी साडेपाच ते साडेसहा पूल उघडले जाणार नाहीत, तसेच इतर वेळी एका खेपेस पूल दहा मिनिटांपेक्षा जास्त उघडा राहणार नाही. लोहखनिज वाहून आणणाऱ्या एस्कनाबा अँड लेक मिशिगन ट्रान्सपोर्टेशन कंपनीने त्याला आव्हान दिले. १८८३ साली सर्वोच्च न्यायालयाने शहराच्या बाजूने निकाल दिला. शिकागो नदी ही देशाची जलवाट आहे आणि तिच्यावर काँग्रेसचा, म्हणजे अमेरिकेच्या संसदेचा, अधिकार चालू शकतो हे न्यायालयाने मान्य केले, पण काँग्रेसने तो वापरेपर्यंत स्थानिक सोयीसाठी असे वाजवी निर्बंध घालण्याची मुभा राज्याला आहे, असे ठरवले. त्यानंतर काँग्रेसने तो अधिकार हाती घेतला. १८९४च्या कायद्याने पूल उघडण्याचे नियम करण्याची सत्ता संघीय युद्धमंत्र्याकडे आली, १८९९च्या नद्या व बंदरे कायद्याने पुलांच्या परवान्याची चौकट पक्की केली आणि लष्कराच्या अभियंता दलाकडे असलेले हे काम १९६७ साली तटरक्षक दलाकडे गेले. आज एखाद्या नगरपालिकेने गर्दीच्या वेळी आमचा पूल उघडणार नाही असा ठराव कितीही बहुमताने केला, तरी तटरक्षक दलाच्या नियमाशिवाय त्याला काही किंमत नाही.

पाण्याला अग्रक्रम देण्यामागे इतिहासापेक्षाही मोठे कारण आहे ते भौतिक स्वरूपाचे. मोटार ब्रेक लावून जागच्या जागी उभी राहते आणि उभी राहिल्यावर ती कुठे वाहत जात नाही. जहाजाचे सुकाणू चालते ते त्याच्यावरून पाणी वाहत असेपर्यंतच; वेग फार कमी झाला की जहाज दिशा धरत नाही. ओहोटीचा प्रवाह मागून ढकलत असेल, तर थांबू पाहणारी होडी थांबत तर नाहीच, वर ती आडवी होऊन खांबांवर जाऊन आदळण्याची भीती असते. टगने, म्हणजे ओढ-ढकल करणाऱ्या ताकदवान बोटीने, पुढे ढकलत नेलेला बार्जचा, म्हणजे सपाट मालवाहू तराफ्यांचा, तांडा असेल तर त्याला थांबवायला फार लांबचे अंतर लागते आणि अरुंद खाडीत वळून माघारी जाण्याची सोय नसते. आपण रस्त्यावर थांबलात तेव्हा आपला वेळ गेला, आणि त्या वेळेलाही मोल आहे हे मी मानतो. पण चुकीच्या क्षणी होडीला थांबवले असते, तर कदाचित होडी गेली असती आणि पूलही जायबंदी झाला असता.

इशाऱ्यांचे नियम याच कारणाने अतिशय बारकाईने लिहिलेले आहेत. पूल उघडून हवा असेल तर जहाजाने एक लांब भोंगा आणि त्यानंतर तीन सेकंदांच्या आत एक आखूड भोंगा द्यायचा असतो. लांब भोंगा चार ते सहा सेकंदांचा, आखूड साधारण एका सेकंदाचा. पूल लगेच उघडता येणार असेल तर पूलचालकाने तीस सेकंदांच्या आत तसेच, एक लांब आणि एक आखूड, असे उत्तर द्यायचे. उघडता येणार नसेल, किंवा उघडा असलेला पूल ताबडतोब बंद करावा लागणार असेल, तर त्याच तीस सेकंदांत पाच आखूड भोंगे लागोपाठ वाजवायचे, आणि जहाज तेच पाच भोंगे परत वाजवून 'समजले' असे कळवेपर्यंत वाजवत राहायचे. दिवसा पांढरे निशाण आणि रात्री दिवा वरखाली हलवणे म्हणजे होकार, लाल निशाण किंवा लाल दिवा आडवा झुलवणे म्हणजे नकार. आता बहुतेक संभाषण व्हीएचएफ रेडिओवर होते. देशात बऱ्याच ठिकाणी तेरावी वाहिनी, फ्लोरिडात नववी. रेडिओवर बोलणे झाले असेल तर भोंग्याची गरज नसते, पण जहाज पार होईपर्यंत संपर्क तुटता कामा नये, आणि तुटला तर पुन्हा भोंगा किंवा निशाण हाती घ्यावे लागते.

यात मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते त्या तीस सेकंदांचे बंधन. पूल किती वेळात उघडावा हे नियमाने मोकळे सोडले, पण उत्तर किती वेळात द्यावे हे मात्र बांधून टाकले. जहाजाच्या कप्तानाला नकारसुद्धा चालतो. वेळेवर कळला तर तो आधीच वेग कमी करतो, प्रवाहाकडे तोंड करून वळतो किंवा नांगर टाकतो. त्याला चालत नाही ते मौन. उत्तर येत नाही आणि अंतर कमी होत चालले आहे, अशा अवस्थेत माणूस चुकीचे निर्णय घेतो. त्यामुळे पूल बिघडला आहे असे लक्षात आले की चालकाने आधी रेडिओवर ते सांगावे आणि मग बिघाड शोधायला धावावे. ही शिस्त पाळणारा चालक मला सफाईने पूल चालवणाऱ्या चालकापेक्षा अधिक मोलाचा वाटतो.

एकामागून एक पूल असतील तर नियम आणखी सावध आहे. पहिल्या पुलाला इशारा द्यायचा, त्याचा होकार आल्यावर दुसऱ्याला, मग तिसऱ्याला, आणि वाटेतल्या सगळ्या पुलांचा होकार येईपर्यंत हा क्रम चालवायचा. पहिला पूल ओलांडून दुसऱ्यासमोर जहाज कोंडले जाऊ नये, हा त्यामागचा हेतू. दोन होड्या मागोमाग येत असतील तर दोघींनी स्वतंत्र इशारा द्यायचा. पुढच्या होडीसाठी पूल उघडलाच आहे म्हणून मागचीने न विचारता शिरणे धोक्याचे, कारण चालकाला ती दिसली नसेल तर पाते तिच्या डोक्यावर खाली येऊ लागते. पूल आधीच उघडा दिसला तरीही इशारा द्यावा लागतो. मात्र तीस सेकंदांत उत्तर आले नाही तर सावधपणे पुढे जाता येते. पुलावरचे दिवेही हेच सांगतात. बंद पुलाच्या जलमार्गावर लाल दिवा असतो आणि गाळा पूर्ण उघडल्यावरच तो हिरवा होतो. पाते वर जाताना दिसत आहे एवढ्यावर होडीने पुढे निघू नये.

आता दुसरी बाजू, जी रस्त्यावर थांबलेल्या माणसाला सहसा माहीत नसते. जहाजावरही कर्तव्ये आहेत. पुलाखालची मोकळी उंची पुरेशी असेल, किंवा जहाजावरच्या काढता-उतरवता येणाऱ्या वस्तू खाली घेतल्यावर ती पुरेशी होणार असेल, तर पूल उघडायला सांगणे हा नियमभंग आहे. मासेमारीसाठी बाजूला काढलेले लांब दांडे, हौसेखातर लावलेल्या उंच अँटेना यांसारख्या, खाली केल्याने जहाज चालवण्यात अडचण येत नाही अशा सर्व वस्तू यात येतात. शिडाच्या होडीची पक्की डोलकाठी मात्र यात धरता येत नाही, त्यामुळे ती होडी आकाराने लहान असली तरी पूल तिच्यासाठी उघडावाच लागतो. केवळ पाहण्यासाठी, छायाचित्रासाठी किंवा पलीकडे न जाता पूल उघडायला लावणेही वर्ज्य आहे. यासाठीच पुलाच्या खांबांवर त्या क्षणी भरती-ओहोटीनुसार किती उंची उरली आहे हे दाखवणाऱ्या मापपट्ट्या रंगवलेल्या असतात. दांडे खाली न घेता पूल मागणारे महाभाग असतात, आणि अशा वेळी पूलचालकाने वाद घालण्यापेक्षा होडीचे नाव, वेळ आणि पाण्याची पातळी लिहून ठेवून पूल उघडावा असेच मी सांगत आलो आहे. दंड करण्याचे काम तटरक्षक दलाचे आहे. पुलासमोर प्रवाहात तरंगणाऱ्या होडीशी भांडण करण्याची ती जागा नव्हे.

गर्दीच्या वेळांसाठी अपवाद आहेत, आणि ते भरपूर आहेत. ११७व्या भागाचा दुसरा अर्धा भाग म्हणजे राज्यवार, नदीवार, पूलवार लिहिलेल्या अपवादांची जंत्रीच आहे. वाहनांचा खोळंबा कमी होईल तिथे शक्य तितके ठरावीक वेळापत्रक बांधून द्यावे, असे कायद्यातच आता म्हटले आहे. सिएटलमधील फ्रीमाँट पूल १९१७ सालचा आहे, पाण्यापासून अवघा सुमारे ३० फूट उंच, आणि जगातल्या सर्वाधिक वेळा उघडणाऱ्या पुलांपैकी एक म्हणून ओळखला जातो. तिथे कामाच्या दिवशी सकाळी सात ते नऊ आणि संध्याकाळी चार ते सहा या वेळांत एक हजार टनांहून लहान जहाजांसाठी तो उघडावा लागत नाही. मोठ्या जहाजाला मात्र त्या वेळातही वाट द्यावी लागते, कारण अरुंद कालव्यात त्याने थांबायचे कुठे, हा प्रश्न आहे. फ्लोरिडाच्या किनाऱ्याजवळच्या जलमार्गावर अनेक पूल तासाला आणि अर्ध्या तासाला उघडतात. मधल्या वेळात आलेल्या होड्या जमतात आणि एकाच खेपेत पार होतात. जिथे महिनोन्‌महिने कोणी पूल मागत नाही तिथे काही तासांची पूर्वसूचना मागण्याची, आणि काही ठिकाणी कायमचा चालक न ठेवण्याची परवानगी मिळते. ज्या रेल्वे पुलावर गाड्या क्वचित धावतात तो उलट कायम उघडाच ठेवतात आणि गाडीपुरता बंद करतात. आपल्या वाटेवरच्या पुलाला असे वेळापत्रक असेल तर ते पुलाच्या दोन्ही अंगांना, पाण्याकडून दिसेल अशा फलकावर, लिहिलेले असणे बंधनकारक आहे.

वेळापत्रकालाही अपवाद आहेत. सार्वजनिक सुरक्षेच्या कामावर असलेली सरकारी जहाजे, उशीर झाल्यास जीव किंवा मालमत्ता धोक्यात येईल अशी संकटातली होडी, बचाव किंवा तातडीच्या उद्धारकार्यावर निघालेली व्यापारी जहाजे आणि वादळापासून आसरा शोधणाऱ्या होड्या यांच्यासाठी बंद काळातही पूल उघडण्याचे सर्व वाजवी प्रयत्न करावे लागतात. अशा होडीने पाच आखूड भोंग्यांनी इशारा द्यायचा असतो. त्याचप्रमाणे रुग्णवाहिका किंवा अग्निशमन दलाची गाडी येत असल्याची खात्रीलायक माहिती मिळाली, तर ती पोहोचेल तेव्हा पूल बंद असेल अशी व्यवस्था चालकाने करायची असते. नैसर्गिक आपत्ती जाहीर झाली की होड्यांसाठी पूल उघडण्याचे बंधन उठते. चक्रीवादळ येत असताना लोकांना किनाऱ्यावरून बाहेर काढायचे असते, आणि सोसाट्याच्या वाऱ्यात वर उचललेले पाते हे स्वतःच एक शीड होऊन बसते.

तत्परता आणि घाई यांतला फरक चालकाला शिकवणे हे या व्यवसायातले सर्वांत अवघड काम आहे. क्रम ठरलेला असतो : रस्त्यावरचे लाल दिवे, मग येणाऱ्या बाजूची फाटके, पुलावरची वाहने आणि माणसे बाहेर पडल्यावर जाणाऱ्या बाजूची फाटके, त्यानंतर पात्यांना जोडून ठेवणाऱ्या कड्या मागे घेणे आणि शेवटी पाती उचलणे. यंत्रणेत अशी बंधने घातलेली असतात की आधीची पायरी पूर्ण झाल्याशिवाय पुढची सुरू होत नाही. पण पुलावर माणूस आहे की नाही हे कोणतीही फाटके सांगत नाहीत. २०२२ साली फ्लोरिडातील वेस्ट पाम बीच येथे पूल उचलला गेला तेव्हा सायकल घेऊन जाणारी एक महिला त्यावर होती आणि तिचा जीव गेला. चालकाने खोलीबाहेर येऊन, कठड्याशी उभे राहून, दोन्ही पदपथ स्वतःच्या डोळ्यांनी पाहावेत हा नियम कंटाळवाणा वाटतो, पण दूरनियंत्रणाच्या आणि कॅमेऱ्यांच्या काळात तो अधिकच आवश्यक आहे. रेल्वेच्या बाबतीत याची किंमत आणखी मोठी होती. १८५३ साली कनेक्टिकटमधील नॉर्वॉक येथे बोटीसाठी उघडलेल्या पुलावरून आगगाडी नदीत कोसळली आणि ४६ माणसे मेली. १९५८ साली न्यूअर्क उपसागरावरच्या पुलाचा गाळा जहाजासाठी वर होता, सिग्नल ओलांडून आलेली उपनगरी गाडी पाण्यात गेली आणि ४८ जण बुडाले. त्यामुळे रेल्वे पुलांच्या स्वतंत्र नियमांत, गाडी जवळ पोहोचली असेल तर ती जाईपर्यंत थोडा विलंब मान्य केलेला असतो, पण त्यालाही मिनिटांची मर्यादा असते.

पूलमालकांबद्दल मला स्पष्ट बोलायचे आहे. रस्त्यावरचा राग बहुतेक वेळा होडीवर निघतो, पण लांबलेल्या खोळंब्याचे खरे कारण पुष्कळदा देखभालीतली हयगय असते. पुरेसे चालक ठेवणे, यंत्रे चालू स्थितीत राखणे आणि कोणी मागणी केली नाही तरी पूल अधूनमधून उघडून पाहणे ही मालकाची कायदेशीर कर्तव्ये आहेत. वंगण न घातलेला पूल उघडतो, पण बंद होत नाही. न्यूयॉर्क आणि न्यूअर्क यांच्यामधला, हॅकेनसॅक नदीवरचा पोर्टल पूल १९१० सालचा, आडवा फिरणारा. तो उघडल्यानंतर नीट जागेवर न बसल्यामुळे देशातल्या सर्वांत गजबजलेल्या लोहमार्गावरची वाहतूक वारंवार कोलमडली आणि अखेर शेजारी सुमारे ५० फूट मोकळ्या उंचीचा स्थिर पूल उभारण्याचे काम हाती घेतले गेले. नॉर्वॉकचा १८९६चा रेल्वे पूल २०१४ साली काही दिवसांच्या अंतराने दोनदा असाच अडकला. उन्हाळ्यात पोलाद प्रसरण पावते हेही लक्षात ठेवावे लागते. जुलै २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या थर्ड ॲव्हेन्यू पुलाचा फिरता गाळा उष्णतेने फुगून उघडाच अडकला आणि बोटींवरून पाण्याचे फवारे मारून तो थंड करावा लागला. पूल विनाकारण न उघडणाऱ्या किंवा उशीर करणाऱ्या मालकाला दंड आहे. २००८पासून तो दिवसाला २५,००० डॉलरपर्यंत गेला, पुढे महागाईनुसार वाढत राहिला, आणि नियमभंग चालू असलेला प्रत्येक दिवस वेगळा गुन्हा धरला जातो.

पांबनची गोष्ट वेगळी आहे. तिथे रस्त्यावरची वाहने पुलासाठी थांबत नाहीत, कारण १९८८ साली खुला झालेला रस्त्याचा पूल उंच आणि स्थिर आहे. जहाजे त्याच्याखालून जातात. उघडतो तो शेजारचा रेल्वेचा पूल. २४ फेब्रुवारी १९१४ रोजी सुरू झालेल्या जुन्या पुलाची दोन पाती कामगार हातांनी तरफा फिरवून उचलत असत. डिसेंबर २०२२ मध्ये त्यावरची रेल्वे वाहतूक थांबवण्यात आली, आणि ६ एप्रिल २०२५ रोजी उद्घाटन झालेल्या नव्या पुलाचा ७२.५ मीटरचा गाळा विजेच्या यंत्रांनी १७ मीटर उभा वर जातो. जहाज पुलासमोर येऊन भोंगा वाजवते आणि पूल उघडतो, अशी पद्धत तिथे नाही. बंदर कार्यालयामार्फत रेल्वेकडे मागणी जाते, गाड्यांच्या वेळापत्रकातली मोकळी वेळ पाहिली जाते, थांबलेली जहाजे आणि मच्छीमारांच्या होड्या एकत्र करून रांगेने सोडल्या जातात, आणि वारा मर्यादेपलीकडे गेला तर गाड्याच थांबतात. तिथे उथळ पाण्यातून थोडीच जहाजे जातात, म्हणून हे चालते. रोज डझनभर होड्या येणाऱ्या खाडीवर ही पद्धत चालणार नाही.

भारताला वाहते रस्ते आणि जहाजे यांचा झगडा अगदीच अपरिचित नाही. हावड्याचा १८७४ सालचा तरंगता पूल जहाजांसाठी मधला भाग सोडवून उघडावा लागे. १९०६पर्यंत हे दिवसाच होई. त्या वर्षापासून समुद्रगामी आगबोटी सोडून इतर जहाजांसाठी तो रात्री उघडू लागला, म्हणजे दिवसाचा खोळंबा कमी झाला. १९४३ साली आजचा उंच पूल आल्यावर तो प्रश्नच संपला. वाशीच्या खाडीवरचे किंवा पणजीला मांडवीवरचे पूलही स्थिर आहेत, त्यामुळे महाराष्ट्रातून आणि गोव्यातून आलेल्या माणसाला अमेरिकेत पहिल्यांदा पूल उघडताना पाहून नवल वाटते ते साहजिक आहे. लंडनच्या टॉवर ब्रिजचा नियमही जाता जाता सांगतो. १८८५च्या कायद्याने तो बांधला गेला. ३० फूट किंवा त्याहून उंच डोलकाठीच्या जहाजाने २४ तास आधी कळवले तर तो दिवसा-रात्री केव्हाही विनामूल्य उघडतो आणि नदीला रस्त्यापेक्षा अग्रक्रम असतो. १९९७ साली राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांच्या ताफ्याचे दोन तुकडे झाले ते यामुळेच. आधी ठरलेल्या वेळी एक जुनी शिडाची बार्ज आली आणि पूल तिच्यासाठी उघडला.

आपल्या पुलाबाबत काय करता येईल, हा आपल्या प्रश्नाचा व्यवहारातला भाग. प्रथम त्या पुलाचे स्वतंत्र कलम ११७व्या भागात आहे का ते पाहावे. राज्य आणि जलमार्गाच्या नावाखाली ते सापडते. कलम नसेल, तर पूल मागणीनुसार उघडणे बंधनकारक आहे आणि त्या दिवशी चालकाने आपले काम केले. वेळापत्रक असूनही बंद काळात पूल उघडला असेल, तर ती होडी आणीबाणीच्या वर्गातली होती का, हे पूलमालकाच्या नोंदवहीवरून कळते. वेळापत्रक नाही आणि ते असावे असे आपल्याला वाटत असेल, तर पूलमालकाकडे, म्हणजे बहुधा काउंटीच्या किंवा राज्याच्या परिवहन विभागाकडे, लेखी मागणी करावी आणि तिची प्रत तटरक्षक दलाच्या त्या भागाच्या पूल कार्यालयाला द्यावी. कायमचा बदल करण्याआधी तटरक्षक दल प्रस्ताव प्रसिद्ध करते आणि कोणाही नागरिकाच्या लेखी हरकती-सूचना घेते. पुष्कळदा जास्तीत जास्त १८० दिवसांपर्यंत नवे वेळापत्रक प्रायोगिक पद्धतीने चालवून पाहिले जाते. हौशी होड्यांचे क्लब, मासेमार आणि टगमालक या सूचना न चुकता पाठवतात, रस्त्यावर थांबणारे सहसा पाठवत नाहीत. आपण पाठवाल तर तारीख, पाती वर जायला लागल्याची आणि फाटके पुन्हा उघडल्याची वेळ, किती होड्या गेल्या आणि रांग कुठवर पोहोचली, एवढे काही आठवडे सलग लिहून जोडावे. गाळा उघडा राहिलेला वेळ आणि फाटके बंद राहिलेला वेळ या दोन्ही नोंदी वेगवेगळ्या कराव्यात, कारण पहिली होडीमुळे लांबते आणि दुसरी यंत्रामुळे.